निळ्या पिंपातली धामण

या सदरातले अनुभव मी पाच-सहा वर्षं वाचतोय. एकदाही प्रतिक्रिया दिली नाही. खरं सांगायचं तर बरेचसे मी हसायला म्हणून वाचायचो. मी केमिस्ट्रीचा बी.एस्सी., अंबरनाथ एमआयडीसीत सत्तावीस वर्षं काढलेला माणूस. घरात लिंबू-मिरची टांगू दिली नाही, मुलीची पत्रिका केली नाही, कुणी कालसर्प वगैरे बोलायला लागलं की उठून जायचो. आजही माझा या गोष्टींवर विश्वास नाही, असं लिहायला बसलो होतो... पण ते वाक्य खोडलं. काय आहे ते सांगतो, तुम्हीच ठरवा.

एक आधीच सांगतो. यात भूत नाही. यात मी आहे, माझे वडील आहेत आणि एक साप आहे. आणि एक गोष्ट आहे जी मी माझ्या बायकोला, सुनंदाला, वर्षभर सांगितली नव्हती. नावं बदलली आहेत.

आमची कंपनी छोटी. मोठ्या कारखान्यांतून वापरलेलं सॉल्व्हंट आणायचं, उकळून शुद्ध करायचं आणि बहुतेक वेळा ज्याच्याकडून आणलं त्यालाच परत विकायचं. कंपनीचा लोगो म्हणजे आपलीच शेपटी तोंडात धरलेला साप. गेटवर, लेटरहेडवर, ड्रमच्या स्टिकरवर, सगळीकडे तोच. आणि ही कल्पना माझीच. बेंझिनची रचना शोधणाऱ्या शास्त्रज्ञाला स्वप्नात असा साप दिसला होता म्हणे, त्यावरून त्याला कार्बनचं कडं सुचलं. कॉलेजात ही गोष्ट सगळ्यांना सांगतात. मी ती आमच्या शेठना सांगितली. शेठ उल्हासनगरचे सिंधी, बोलतात मराठीत पण मधेच गाडी हिंदीवर जाते. ते खूश झाले. "वाह पाटील! माल गेला, माल आला, संपतच नाही. यही चाहिए."

मागच्या वर्षीचा मे महिना. गुरुवार, दुपारचे साडेचार. ड्रम यार्डात धामण निघाली, चांगली सहा फुटी. आमच्याकडे साप नवीन नाहीत, मागे डोंगर आहे. गेटवर सर्पमित्राचा नंबर लिहिलेलाच आहे. शिल्पाताई म्हणून आहेत, बदलापूरला त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. फोन केला की शटर ओढून स्कूटीवर येतात. पण त्या दिवशी शेठ कंपनीत होते. गेटवरच्या गायकरने पाइपने दाबून धामण निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात घेतली, आणि मी फोन काढला, तेवढ्यात शेठ केबिनमधून बाहेर आले.

"अरे थांब, थांब! लोगो खुद चलके आया है! शनिवारी सकाळी महाराजला बोलावतो. हळद-कुंकू, दूध, एक फोटो. मग सोड तिला जंगलात."

"शेठ, उद्या सुट्टी आहे. मधे अख्खा दिवस जातो."

"साप आहे, पाटील. महिना-महिना उपाशी राहतो. एक दिवसात काय होतंय?"

आमच्या एमआयडीसीला सुट्टी शुक्रवारची असते, हे बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. आणि उपाशी राहण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता पत्र्याचा. आमच्या स्टोअरला वर पत्रा आहे. मे महिन्यात दुपारी तिथल्या रॅकला हात लावता येत नाही. हे मला माहीत होतं. शेठना माहीत नव्हतं, ते स्टोअरमध्ये येत नाहीत. मी म्हणालो, "ठीक आहे शेठ." सत्तावीस वर्षांत हे शब्द मी किती वेळा बोललो असेन, देव जाणे.

पिंप मी स्वतः स्टोअरमध्ये ठेवलं. झाकणाला भोकं पाडायची होती. गायकर गेटवर परत गेला होता, स्टोअरमध्ये मी एकटाच. मार्करने झाकणावर चार ठिपके काढले, काळे. ड्रिलने तीन भोकं पाडली. चौथं पाडायच्या आधी घड्याळात बघितलं, सहा वाजत आले होते. सहाला घरी वडिलांना सांभाळणारी मावशी निघते. आत ती धामण पिंपाच्या भिंतीला अंग घासत होती, त्याचा आवाज येत होता. तीन बास झाली म्हटलं. कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, निघालो.

आता घराचं.

आम्ही बदलापूरला खरवईत राहतो, चौथ्या मजल्यावर. मी, सुनंदा आणि माझे वडील, आबा. मुलगी पुण्याला नोकरी करते. आबा मूळ बदलापूर गावातले, शेती करायचे. तीन वर्षांपासून त्यांचं डोकं कामातून गेलं होतं. मला ते त्यांचा मेलेला भाऊ समजायचे, तात्या म्हणायचे. माझं नाव त्यांच्या तोंडून ऐकून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. दोनदा घरातून निघून गेले, दोन्ही वेळा गावातल्या जुन्या तळ्यापाशी सापडले. त्यानंतर त्यांच्या खोलीला बाहेरून कडी बसवली. फक्त रात्रीपुरती लावायची, असं माझं आणि सुनंदाचं ठरलं होतं.

एरवी दिवसा मावशी असायची. सुनंदा अंबरनाथला एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे, तिला सुट्टी रविवारी. मला शुक्रवारी. म्हणजे शुक्रवारी आबा माझ्याकडे, रविवारी सुनंदाकडे, आणि मावशीला ते दोन दिवस सुट्टी. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, दोघांना एकत्र सुट्टी अशी गणपती-दिवाळीलाच.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो.

शुक्रवारी सुनंदा नऊला निघाली की मी आबांना आंघोळ घालायचो, पेज भरवायचो, गोळ्या द्यायचो. आणि साडेअकराच्या सुमारास त्यांच्या खोलीला बाहेरून कडी लावून निघून जायचो. सहा-सात महिने, बहुतेक प्रत्येक शुक्रवारी. बाईचं प्रकरण नव्हतं, दारू नव्हती. उल्हासनगरला माझा एक ओळखीचा फर्निचरवाला आहे, नारूभाई. त्याच्या दुकानात मागच्या बाजूला एसी आहे आणि विकायचे सोफे आहेत. त्यातल्या एका सोफ्यावर मी झोपायचो. प्लॅस्टिक न काढलेल्या सोफ्यावर, दोन-तीन तास. नारूभाई गिऱ्हाइकांना सांगायचा, "ये देखो साईं, सोफा इतना आरामदायक है कि आदमी टेस्टिंग में ही सो गया." एवढंच. मला फक्त झोपायचं असायचं, जिथे कुणी मला तात्या म्हणून हाक मारणार नाही अशा ठिकाणी.

आणि अजून एक. निघताना त्यांच्या खोलीची खिडकीही मी लावून घ्यायचो. आबा हाका मारायचे. शेजारी ऐकतील म्हणून.

त्या शुक्रवारी मला जाग आली तेव्हा चार वाजून गेले होते. घरी पोचलो तर लिफ्ट बंद. शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाइट जातात आमच्याकडे, त्या दिवशी दुपारी बारापासून गेलेले होते, वॉचमनने सांगितलं. चार मजले चढताना मला सगळं कळत होतं. पश्चिमेची खोली, पंखा बंद, खिडकी बंद. तरी मी पळत नव्हतो. हे पण लिहून ठेवतो. मी पळत गेलो नाही.

आबा कॉट आणि कपाटाच्या मधल्या जागेत उकिडवे बसले होते. अंग घामाने निथळत होतं, धोतर ओलं. उजव्या हाताची चारही बोटं तोंडात, पार मुठीपर्यंत. ते चावत होते. रागाने नाही हो, सावकाश. एखादी गोष्ट गिळायची असते तसं. मनगटावरून रक्त कोपरापर्यंत आलेलं. मी हात ओढला तर सोडेनात. जबडा धरून सोडवावा लागला.

खिडकी उघडली, पाणी पाजलं. दोन तांबे पाणी प्यायले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "त्या जनावराला पन पानी दे रं."

आमच्याकडे जुनी माणसं सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात. मला वाटलं कुत्रा-मांजर, काहीतरी जुनं आठवलं असेल. म्हटलं, "देतो आबा."

"नाय देनार तू. निल्या पिपात हाय ता. सोर त्याला."

मी तांब्या खाली ठेवला.

"कुठलं पिंप, आबा?"

"झाकनाला तीनच भोका पारलीस. चवथ्याला नुसता काला ठिपका काढलास न् गेलास." मग आपल्या हाताकडे बघत म्हणाले, "शेपटापासून सुरू केलान् त्याने. त्याला वाटतंय दुसऱ्याची हाय."

आता तुम्ही विचाराल त्या आधीच सांगतो. मी घरी सापाचा विषय काढला नव्हता. सुनंदाला सापाचं चित्र बघितलं तरी चालत नाही, त्यामुळे कंपनीतले साप मी घरी कधीच सांगत नाही. फोनवर कुणाशी बोललो नव्हतो. झोपेत बडबडत नाही. आणि चौथ्या ठिपक्याचं तर गायकरला पण माहीत नव्हतं, शेठना पण नाही. इतकी क्षुल्लक गोष्ट की मीसुद्धा विसरलो होतो.

तेव्हा पाच वाजायला आले होते. स्टोअरची किल्ली माझ्या खिशात होती. खरवईहून आमची कंपनी स्कूटरने वीस-पंचवीस मिनिटं. शिल्पाताईंना फोन केला असता तर त्या थेट गेटवर आल्या असत्या.

मी गेलो नाही. फोनही केला नाही.

कारण सुनंदा साडेसहाला येणार होती, आणि त्याआधी मला आबांना धुऊन-पुसून, हाताला पट्टी करून, धोतर बदलून, फरशी पुसून ठेवायची होती. खोटं नीट मांडायला वेळ लागतो. ती आल्यावर मी सांगितलं, दुपारी मी समोर बसलो होतो आणि आबांनी अचानक हात चावून घेतला. तिने पट्टी सोडून बघितली. ती दवाखान्यात काम करते, तिला जखमा कळतात. "अचानक?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "हो, अचानक." तिने पट्टी परत बांधली. मला वाटलं, सुटलो.

शनिवारी सकाळी साडेआठला स्टोअर उघडलं. झाकण काढलं. धामण पिंपाच्या तळाशी गोल होऊन पडली होती आणि तिची शेपटी तिच्या तोंडात होती. नुसती धरलेली नव्हती, वीतभर आत गेलेली. आमच्या लोगोत असतं तसं सुबक कडं नव्हतं ते. एका बाजूला वाकडं झालेलं, गळा फुगलेला, डोळ्यांवर धूळ.

शिल्पाताईंना तेव्हा फोन केला. त्या आल्या, पिंपात हात घालून धामणीचा गळा चाचपला.

"कधी पकडली?"

"गुरुवारी."

"गुरुवारी! आणि मला शनिवारी फोन करताय? भाऊ, भाजलंत तुम्ही हिला." झाकण उचलून त्यांनी पत्र्याकडे बघितलं, मग भोकांकडे. "जागा कमी आणि गरम जास्त झालं ना, की यांचं डोकं फिरतं. अंगाला लागतंय ते आपलंच आहे, हे कळत नाही. दुसरं जनावर समजून चावतात, आणि एकदा गिळायला लागलं की दात आत वळलेले, सोडता येत नाही."

तोपर्यंत शेठ आले होते, महाराजांना घेऊन. पिंपात डोकावले आणि म्हणाले, "अरे! ये तो सेम टू सेम..." महाराजांनी हात जोडले आणि म्हणाले, हे अनंताचं रूप आहे, सृष्टीचं चक्र आहे, योग आहे.

शिल्पाताई उठल्या. "महाराज, माझ्या दुकानात पोरं येतात याचे प्रिंट काढायला, टॅटूसाठी. तीही अनंत म्हणतात. मी पंधरा वर्षं साप पकडतेय. असं मी दोनदा बघितलंय, हे आणि आधी एक. दोन्ही डब्यात. मोकळ्या रानात एकदाही नाही."

गेटपाशी त्यांना मी हळूच विचारलं, कधी गेली असेल. त्या म्हणाल्या, "नक्की कसं सांगू? पण फार वेळ नाही झालेला. काल संध्याकाळी जिवंत असणार." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "काय झालं हो? पाणी आणू का?"

शेठनी त्याच महिन्यात स्टिकर बदलले. आता आमचा लोगो हिरवं पान आहे.

तुम्हाला पुढे काही मोठं घडलं असं सांगायला हवं बहुतेक. काही घडलं नाही. मी शुक्रवारी बाहेर जाणं बंद केलं. खिडकी उघडी ठेवायला लागलो. आबांसमोर खुर्ची टाकून बसायचो आणि विचारायचो, "आबा, तुम्हाला कसं कळलं?" ते म्हणायचे, "तात्या, बैल बांदलास का?" जनावराचा विषय त्यांनी परत कधी काढला नाही. एकदाच, श्रावणात, मी पेज भरवत होतो तेव्हा माझ्या हाताचं मनगट धरून बोटं एकेक करून बघितली, आणि माझ्या नावाने हाक मारली. मी म्हटलं, "काय आबा?" तर म्हणाले, "दमलास रं." त्यानंतर परत तात्या.

दिवाळीच्या आधी आबा गेले. न्यूमोनिया. तसे शांतच गेले.

स्पष्टीकरणं मी स्वतःच शोधून बघितलीत, तुम्ही नवीन काही सुचवलंत तर वाचेन. म्हातारा शेतकरी, आयुष्यभर साप बघितलेले. बंद खोलीत उकडून भ्रम झाला, त्यात एक साप आला, आणि पिंप निळं निघालं हा योगायोग. मे महिन्यात उकडलेलं माणूस पाणीच मागणार. हे सगळं मला पटतं. तीन भोकांपर्यंत कसंतरी ओढूनताणून पटवून घेतो. ठिपक्याशी येऊन अडतो. आणि खरं सांगू का, ठिपक्याचं नसतं सांगितलं तरी मला तेवढाच त्रास झाला असता. कारण त्यांना कसं कळलं हा माझा प्रश्न नाहीच. कळल्यावर त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं नाही, हा आहे. हात रक्ताने भरलेला असताना "सोर त्याला" म्हणाले. मला सोड असं नाही म्हणाले.

डिसेंबरमध्ये एका संध्याकाळी सुनंदा आबांची धोतरं आणि सदरे घडी करून पिशवीत भरत होती, गावात कुणाला तरी द्यायला. मी चहा घेऊन तिथेच बसलो आणि सांगून टाकलं. कडी, खिडकी, नारूभाईचा सोफा, धामण, सगळं. ती घड्या घालत राहिली. मला वाटत होतं ती ओरडेल, निदान रडेल. मी त्याच तयारीने बसलो होतो.

पिशवी भरून झाल्यावर ती कॉटवर बसली. म्हणाली, "रविवारी मी पण लावायचे कडी."

मला आधी कळलंच नाही.

"भाजीला जाते म्हणून जायचे. भाजी वीस मिनिटांत होते. नंतर मी स्टेशनपाशी देवळाच्या पायरीवर बसायचे. दीड तास, कधी दोन."

"खिडकी?"

"लावायचे."

बाहेर कुणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मी वर्षभर जी गोष्ट एकट्याची म्हणून सांभाळली होती ती तिच्याकडेही होती, तशीच्या तशी, आणि आम्ही एकाच बिछान्यावर झोपत होतो. आठवड्यातून दोन दिवस आबांना कोंडत होतो, दोघांनी.

मग ती म्हणाली, "तुमच्याशी निदान बोलले तरी हो ते. जनावराचं का होईना. मी कडी काढून आत गेले की माझ्याकडे नुसते बघायचे."

त्या दुपारी त्या खोलीत काय झालं ते मला माहीत नाही, आणि कधी कळेल असं वाटत नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर काल तिला मोबाईलवर वाचायला दिलं. तिचा भाग मी घातला नव्हता, तिची परवानगी नव्हती म्हणून. तिने शेवटपर्यंत वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "माझंही लिहा."

म्हणून लिहिलं.